एका बाकावर चार

उपदेश

"बंधुभगिनींनो, आज मी तुम्हाला एकच प्रश्न विचारतो," पाळक साहेब म्हणाले. "आपण सगळे कुठे चाललो आहोत?"

"कशेळ्याला," मागून उत्तर आलं.

पाळक संतोष साळवे यांना उपदेशात प्रश्न विचारायची सवय होती, उत्तर ऐकायची नव्हती. कर्जतच्या या छोट्या चर्चमध्ये त्यांनी आजवर शेकडो प्रश्न विचारले होते आणि लोकांनी ते मुकाट्याने ऐकून घरी नेले होते. साहेबांनी चष्मा पुसला, पवित्र शास्त्राचं एक पान उगाच उलटलं आणि जरा चढ्या आवाजात विचारलं, की मग निघायला आपण उशीर का करतो आहोत?

"दोन शिटा बाकी हायत," मागचा आवाज म्हणाला. "भरल्या की लगेच."

एवढं बोलून तो आवाज उठला आणि कामाला लागला. बाकावर तिघं तिघं ऐसपैस बसलेली मंडळी त्याला बघवली नाहीत. "सरका, सरका, चौथा बसतोय," करत त्याने पुरुषांच्या बाजूची माणसं उचलून बायकांच्या बाजूला भरली. ज्यांचे गुडघे मधल्या वाटेत येत होते त्यांचे गुडघे आत ढकलले. रोहिदास वाघमारे दाराशी उभा राहून हे सगळं बघत होता. पुढे व्हावं की न व्हावं हे त्याचं ठरेपर्यंत थोरातांची नवी सून तिच्या थोरल्या दिराच्या मांडीला मांडी लावून बसवली गेली होती. दीर छताकडे बघत होता, सून जमिनीकडे.

हा पोपट. त्याची उभी हयात कर्जत-कशेळे रस्त्यावर जीप मारण्यात गेली. मग नजर अधू झाली, मुलाने जीप विकून टाकली आणि पोपटच्या डोक्यातले काही दिवस पुढेमागे झाले. जीप गेली, जीप भरायची सवय मात्र तशीच राहिली. त्याची बायको सोनाबाई जीप स्टँडवर भाजी घेऊन बसायची, तिच्याबरोबर तो रोज यायचा. चर्च स्टँडच्या बरोब्बर मागे. रविवारी दार उघडं दिसलं की तो आत डोकावे, तर आत एकामागे एक बाक, बाकांवर पुढे तोंड करून बसलेली माणसं आणि सगळ्यांत पुढे एकटा उभा असलेला एक माणूस, जो निघायचं नाव घेत नाही. पोपटला दुसरं काय वाटणार?

सूचना

थोरातांच्या सुनेने तक्रार केली नाही. तिच्या सासूने केली, आणि तीही थेट पनवेलला, या भागातल्या सगळ्या चर्चवर देखरेख करणाऱ्या अधीक्षक साहेबांकडे. तक्रार कर्जतहून निघाली तेव्हा त्यात एक म्हातारा माणूस होता. पनवेलला पोचेपर्यंत त्याचा दारू प्यालेला धिप्पाड गुंड झाला होता.

अधीक्षक साहेबांनी फोनवर पाळक साहेबांना शांतपणे सांगितलं, की कापणीच्या सणाला ते स्वतः कर्जतला येतील. जी मंडळी आपल्या लोकांना सुरक्षित ठेवू शकत नाही, ती वेगळी चालवण्यात अर्थ नाही. त्या दिवशी गडबड दिसली तर कर्जतची उपासना बंद आणि सगळ्यांनी खोपोलीच्या चर्चला जायचं. पाळक साहेबांनी हे चर्चच्या पंचांना सांगितलं, पंचांनी आपापल्या घरी, आणि रोहिदासने सुरभीला.

सुरभी म्हणजे रोहिदासची बायको. ती भाकरी थापत होती. खोपोलीचं चर्च टेकाडावर, त्याला दगडी पायऱ्या, आणि सुरभीचे दोन्ही गुडघे गेले दोन पावसाळे दार ते मोरी एवढ्याच प्रवासाला राजी होते. रिक्षाने कर्जतच्या चर्चला जाणं हीच तिची आठवड्याची यात्रा, बाजार आणि माहेर.

"तुमी जात जा खोपोलीला," ती म्हणाली. "मी काय, मोबाइलवर ऐकेन."

तिने हे इतक्या सहज म्हटलं, की रोहिदासने तोंडाशी नेलेली भाकरी परत ताटात ठेवली.

पंचांच्या बैठकीत दाराला कडी घालायची सूचना आली, पोलिसांत कळवायचीही आली. पाळक साहेब दोन्हीला तयार नव्हते. दार लावून कुणाला बाहेर ठेवायचं असेल तर आत बसून आपण नक्की काय वाचतो, असा प्रश्न त्यांनी विचारला, आणि या वेळी उत्तर द्यायला पोपट तिथे नव्हता. शेवटी सगळे रोहिदासकडे वळले. निवृत्त होईपर्यंत तो खोपोलीकडच्या एका कारखान्याच्या गेटवर सुपरवायझर होता, तेव्हा सुरक्षाप्रमुख तोच.

"पोपटभाऊंना हाकलायचं नाही," पाळक साहेब म्हणाले. "आणि गडबडही व्हायला नको."

"दोन्ही एकदम?"

"प्रभू वाट दाखवेल," साहेब म्हणाले. याचा अर्थ त्यांनाही वाट माहीत नव्हती.

सूचना, आणखी एक

गडबड शांतपणे कशी हाताळायची हे शिकवणाऱ्या पनवेलच्या एका शिबिराला रोहिदासला पाठवण्यात आलं. गेटवर त्याची रीत सोपी होती: पास आहे तो आत, पास नाही तो बाहेर, आणि वाद घातला तर शिट्टी. शिबिरातल्या बाईंनी पहिल्या तासातच ही रीत मोडीत काढली. पास मागू नका, अंगाला हात लावू नका, समोर छाती काढून उभे राहू नका. बाजूला बसा. आवाज खाली ठेवा. मुलांना त्या माणसापासून हळूच दुसरीकडे न्या, पण त्याला एकटं सोडू नका. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे त्याला मान द्या, जमलं तर काम द्या. रिकामे हातच गोंधळ घालतात. रोहिदासने सगळं पाठ केलं. गेटवरची शिट्टी मात्र खिशात राहू दिली. शिट्टी खिशात असली की त्याचा पाठीचा कणा सरळ राहायचा.

पुढच्या रविवारी तो पोपटशेजारी बसला आणि हलक्या आवाजात त्याचं नाव विचारलं. पोपटने नाव सांगितलं आणि लगेच विचारलं, तुमी कुठं उतरणार? रोहिदासने त्याला बाहेर नेऊन चहा पाजला. चहाचे पैसे देईपर्यंत पोपट आत जाऊन पाळक साहेबांना सांगत होता, की गाडी गरम झाली असेल तर बोनेट उघडून ठेवा.

रोहिदास सोनाबाईच्या टोपलीपुढे जाऊन उकिडवा बसला. सणाच्या दिवशी भाऊंना घरीच ठेवता येईल का, असं त्याने विचारून पाहिलं.

सोनाबाईने मेथीच्या जुडीवर पाणी मारलं. "घरी ठिवला की भितीशी बोलतो, दादा. भितीला म्हनतो सरक. हितं माणसं तरी सरकत्यात."

रोहिदास एक जुडी घेऊन घरी आला. त्या रात्री त्याला झोप लागली नाही, पण उपाय सापडला. काम द्यायचं.

स्वागत

कापणीच्या सणाला चर्चचा दरवाजा भाताच्या ओंब्यांनी आणि केळीच्या खुंटांनी सजवला होता. पुढे वेदीपाशी मंडळीने आणलेली नवी पिकं मांडायची जागा केली होती. तिथे सध्या दोन भोपळे, थोडा वाल आणि थोरातांच्या सासूने मुद्दाम मोठ्या परातीत आणलेले थोडेसे तांदूळ होते. माणसंही त्याच प्रमाणात. अर्धे बाक मोकळे.

पोपट धुतलेला सदरा घालून आला. रोहिदासने स्वतःच्या छातीवरचा 'सुरक्षाप्रमुख' लिहिलेला बिल्ला काढला आणि दोन्ही हातांनी त्याच्या सदऱ्याला लावला. मग शिबिरात शिकल्याप्रमाणे बाजूला उभं राहून, आवाज खाली ठेवून, त्याला सांगितलं, की भाऊ, आज तुमी आत यायचं नाय. आज तुमी दारात उभं राहून माणसं आत पाठवायची. तुमच्यासारखं कुणाला जमणार?

पोपटने बिल्ल्यावरून बोट फिरवलं. आत वाकून मोकळे बाक बघितले. "भरतो," एवढंच म्हणाला.

अधीक्षक साहेबांची गाडी आली तेव्हा पोपट दारात होता. त्याने हात जोडले. "या. तुमची शीट म्होरं हाय, डायवरशेजारी," असं म्हणून तो अधीक्षकांना पाळक साहेबांच्या शेजारच्या खुर्चीपर्यंत घेऊन गेला. अधीक्षक साहेबांनी बिल्ला वाचला आणि पोपटचा खांदा थोपटला. दारामागे उभ्या असलेल्या रोहिदासचा श्वास मोकळा झाला. इतकं सोपं होतं हे, असं त्याला वाटलं.

पहिलं गीत सुरू झालं तसा पोपट दारातून दिसेनासा झाला.

अर्पण

गीताच्या तिसऱ्या कडव्याला बाहेरून आरोळी आली. "कशेळे, कशेळे, कशेळे. चला मावशी, सावलीत बसा. सामान म्होरं द्या. लगेच सुटनार."

त्या स्टँडवर पोपटचा आवाज ऐकत लोकांची लग्नं झाली होती, पोरं झाली होती. आवाजाने बस म्हटलं की बसायचं, हे कशेळ्याच्या बाजारकऱ्यांच्या अंगवळणी पडलेलं. शिवाय दाराला केळीचे खुंट, आत गाणं. कुणाचं तरी कार्य असेल, गाडी येईपर्यंत सावलीत बसा म्हणतायत, असं समजून ती माणसं गाठोडी, पिशव्या सावरत आत आली. पोपटने त्यांना बाकावर चार-चार बसवलं. त्यांचं सामान दारातल्या तरुणांच्या हाती दिलं. हे नवे पाहुणे एवढं अर्पण घेऊन आलेले बघून तरुणांचे डोळे पाणावले. त्यांनी ते डोक्यावरून पुढे नेऊन वेदीपाशी मांडलं.

सामान टपावर जातं, तसं ते पुढे गेलं. पॅसेंजरांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

बघता बघता वेदीपाशी कांद्याची गोणी, सुकी मासळी, नवं घमेलं, कुणाच्या पोराचं दप्तर आणि पिशवीतून मान बाहेर काढलेली एक कोंबडी जमली. अधीक्षक साहेबांनी कोंबडीकडे बघितलं आणि भरल्या गळ्याने पाळक साहेबांना काहीतरी म्हणाले. पाळक साहेबांना घाम फुटला होता. त्यांनी रोहिदासकडे पाहिलं. रोहिदासने डोळ्यांनीच सांगितलं, की बघतो.

तो कमरेत वाकून, कुणाला दिसू नये म्हणून जवळजवळ रांगत, बाकांच्या मधून निघाला. एका बाईच्या कानाशी जाऊन हळूच म्हणाला, मावशी, ही ती गाडी नाय, उठा. मावशीने पदर गच्च धरला आणि शेजारणीला मोठ्याने सांगितलं, की हा माणूस माझी जागा मागतोय. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याला त्याने तेच सांगितलं, तर म्हाताऱ्याने उलट त्यालाच गप बसायचा उपदेश केला. तिसऱ्या बाकाखालून रोहिदास बाहेर आला तेव्हा त्याचे केस विस्कटले होते आणि गुडघ्यांना धूळ होती. अधीक्षक साहेबांनी त्याला पहिल्यांदा तेव्हा पाहिलं.

उपदेश, दुसऱ्यांदा

अधीक्षक साहेब उपदेशाला उभे राहिले. इतकी भरलेली मंडळी त्यांनी पनवेलमध्येही पाहिली नव्हती, आणि त्या आनंदात उपदेश लांबत गेला. मूळची मंडळी निवांत होती. कशेळ्याचे लोक पुन्हा पुन्हा दाराकडे बघत होते.

दारात गजा येऊन उभा राहिला. आजची कशेळ्याची पाळी गजाच्या जीपची. तो बराच वेळ मोकळी जीप घेऊन स्टँडवर ओरडत होता आणि मग कुणीतरी त्याला सांगितलं होतं, की तुझे सगळे पॅसेंजर देवळात नेऊन बसवलेत. गजाचे डोळे लाल होते, बाह्या वर होत्या. रोहिदासला शिबिरातल्या बाई आठवल्या. हाच तो प्रसंग. तो पुढे झाला, बाजूला उभा राहिला, आवाज खाली ठेवला आणि गजाला त्याचं नाव विचारलं.

"नाव विचारतो?" गजा म्हणाला. "पॅसेंजर पळवतो आनि नाव विचारतो?"

पोपट दोघांच्या मध्ये आला. त्याने गजाच्या गळ्यात हात टाकला.

"गजा, येड्या, कशाला घसा फोडतो रं? भरून ठिवलीय तुजी गाडी," तो म्हणाला. "निस्ती न्यायची."

गजाने आत बघितलं. बाकावर चार-चार, सामान पुढे रचलेलं, सगळी एका जागी, पाय आत घेतलेली. एवढी टापटीप भरलेली गाडी त्याला आयुष्यात मिळाली नव्हती. त्याच्या बाह्या हळूहळू खाली आल्या. त्याने पोपटच्या पायाला हात लावला.

आशीर्वाद, वेळेआधी

पोपटने टाळी वाजवली. "म्होरचा बाक पयला. मागनं कुनी उठायचं नाय. लेकुरवाळ्या आधी."

आणि माणसं उठली. एकेक बाक, रांगेत, धक्का नाही, बुक्की नाही. पुढून सामान हातोहात मागे येऊ लागलं. अधीक्षक साहेबांनी उपदेश थांबवला, पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते पाळक साहेबांकडे वळून म्हणाले, की डोंगरातल्या वाड्यांवरची ही गरीब माणसं, त्यांना दिवसाउजेडी पोचायचं असणार. त्यांची एवढी काळजी, आणि वर मंडळीचं सगळं पीक त्यांना वाटून टाकता? पाळक साहेबांनी पुन्हा चष्मा पुसला.

त्या हातोहाती मागे येणाऱ्या सामानात थोरातांच्या सासूची परात आहे, हे रोहिदासच्या लक्षात आलं. तिच्यामागून मंडळीचे दोन्ही भोपळे. तो परातीवर झेपावला. परात धरणाऱ्या माणसाला ती आपलीच वाटत होती, त्याने सोडली नाही. तांदूळ उडाले. तांदूळ बघून कोंबडी पिशवीतून निघाली. रोहिदास कोंबडीमागे, कोंबडी बायकांच्या बाजूला, तिथून पेटीवर. पेटीने एक सूर काढला. रोहिदासच्या डोक्यात आता शिबिर उरलं नव्हतं. त्याने खिशातून शिट्टी काढली आणि गेटवर वाजवायचा तशी जीव तोडून वाजवली.

सगळं चर्च जागच्या जागी थांबलं. मधोमध रोहिदास, केसांत तांदूळ, एका काखेत भोपळा, दुसऱ्या काखेत कोंबडी.

"हं, थांबू नका, चालू द्या," पोपट शांतपणे म्हणाला. त्याने रोहिदासच्या काखेतली कोंबडी काढून मालकिणीला दिली. रांग पुन्हा चालू लागली.

खासगी प्रार्थना

अधीक्षक साहेब वेदीवरून खाली उतरले. घाई न करता रोहिदासच्या बाजूला येऊन उभे राहिले, आणि त्याला दाराबाहेर, केळीच्या खुंटाशी घेऊन आले. त्यांनी त्याच्या केसांतले तांदूळ वेचून काढले. त्यांचा आवाज फार मऊ होता.

"घाबरू नका. इथे कुणी तुम्हाला रागावणार नाही. नाव काय आपलं?"

रोहिदासला ते समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्याची कानशिलं तापली. एवढी वर्षं गेटवर काढलेला माणूस तो. त्याला सांगायचं होतं, की साहेब, सुरक्षाप्रमुख मी आहे. ज्याला तुम्ही शाबासकी दिलीत तोच तो तक्रारीतला.

"तुमच्याबद्दलच तक्रार होती, मला कल्पना आहे," अधीक्षक साहेब म्हणाले. "गुंड वगैरे लिहिलं होतं. लोक काहीही लिहितात. पण तुमच्यामुळे आज मला एक कळलं. अशा माणसाला ज्यांनी बाहेर काढलं नाही आणि त्याच्यासकट एवढ्या लोकांना सुखरूप ठेवलं, ती मंडळी मी बंद केली तर मला झोप लागणार नाही. मी तसं आजच कळवतो."

रोहिदासचं तोंड अर्धवट उघडं होतं. दारात पाळक साहेब उभे होते, त्यांच्यामागे पंच, सगळे त्याच्या तोंडाकडे बघत. आणि कठड्याला धरून, एकेक पाऊल टेकवत, सुरभी बाहेर येत होती. बाहेरची एकच पायरी उतरायला तिला किती वेळ लागतो हे रोहिदास बघत राहिला.

त्याने तोंड मिटलं. मग, अंदाज नसल्यामुळे जरा जास्तच, मान डोलावली.

"हे तुमचे का, ताई?" अधीक्षकांनी सुरभीला विचारलं.

सुरभीने नवऱ्याकडे बघितलं. त्याचे गुडघे बघितले, काखेतला भोपळा बघितला, दारातले पंच बघितले.

"माझेच," ती म्हणाली.

"नेहमी असं होतं?"

"घरी गप असतात. रविवारी जरा वाढतं."

अधीक्षक साहेबांनी रोहिदासच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. ती लांब होती आणि मनापासून होती. तेवढ्यात गजाची जीप भरून सुटली. शेवटी त्यांनी रोहिदासचा हात हातात घेतला आणि सांगितलं, की आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते स्वतः कर्जतला येतील, खास त्याला भेटायला. सुधारणा बघितल्याशिवाय ते थांबणार नव्हते.

रिक्षात सुरभी पाय लांब करून बसली होती, खुशीत होती. रोहिदास बाहेर बघत होता.

"दर महिन्याला येणार म्हणाले," तो शेवटी म्हणाला. "आता मी काय करू गं?"

सुरभीने विचार केला.

"थोडे थोडे बरे व्हा," ती म्हणाली. "एकदम नको."